आवडत्या कादंबरीवर पिक्चर यावा असं वाटतंय ना? मग हे करून बघा

कुठल्या कादंबरीवर पिक्चर यायला पाहिजे हा विषय आपल्याकडं एकदा निघाला की संपत नाही. बेळगाव सीमाभागातल्या कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमानी, कुठल्याही साहित्य संमेलनाला जावा, जेवणाच्या पंगतीत कोणतरी म्हणणारच की अमक्या पुस्तकावर कोण पिक्चर का काढत नाही ओ, मग हिरो कोण, हिरॉईन कोण, गाणी कुणाची इथंपर्यंत गाडी जाते आणि पंगत उठली की विषय पण उठतो. हिरो ठरवायचं काम सगळ्यात शेवटचं, आणि ते आपलं नव्हेच. वाचक म्हणून आपल्या हातात आहे ते त्याच्या आधीचं. कादंबरी निवडायची, ती पडद्यावर उभी राहते का तपासायची, हक्क कुणाकडं आहेत शोधायचं आणि दहा-बारा पानांचा असा प्रस्ताव तयार करायचा की एखाद्या दिग्दर्शकानं तो अर्ध्या तासात वाचून हो नाही सांगून टाकावं. बेळगाव, खानापूर, निपाणीकडं वाचनकट्टे चालवणारे, कॉलेजची पोरंपोरी, चार-पाच जण जमले तर सहज होण्यासारखं आहे. फक्त आवडत्या पुस्तकातलं काय सोडायची तयारी आहे हे ज्याला सांगता येत नाही त्यानं या भानगडीत पडू नये, कारण पुढची प्रत्येक पायरी तिथंच येऊन अडते.

यादी करताना

प्रत्येकानं जास्तीत जास्त पाच नावं काढा. नावापुढं कादंबरी का आवडली ते लिहू नका, तिच्यात डोळ्याला दिसेल असं काय घडतं ते पाच-सहा ओळीत लिहा. व्यंकटेश माडगूळकरांची बनगरवाडी घ्या, धनगरांच्या वस्तीत तरणा मास्तर येतो, शाळा भरते, गाव मिळून तालीम बांधतं, दुष्काळ पडतो, गाव उठून जातं, झालं, सगळं दिसतंय. पुस्तक १९५५ चं, अमोल पालेकरांनी १९९५ ला पिक्चर केला. आता भालचंद्र नेमाड्यांची कोसला घ्या. १९६३ पासून आजपर्यंत पोरं ते पुस्तक उशाला घेऊन झोपतात, खरं पांडुरंग सांगवीकर शिकायला पुण्याला गेला आणि सगळं गमावून गावाकडं परत आला एवढंच घटना म्हणून हाताला लागतं, बाकी सगळी मजा तो ज्या तऱ्हेनं बोलतो त्यात आहे. ते बोलणं काढलं तर काय राहिलं आणि ठेवलं तर दोन तास मागून आवाज ऐकत बसायचं काय? होणारच नाही असं म्हणत नाही मी, मोठा दिग्दर्शक करेल पण, खरं पहिल्याच प्रयत्नाला असलं डोंगराएवढं काम अंगावर घेऊ नये.

यादीची परीक्षा सोपी आहे. ज्यानं ते पुस्तक वाचलेलं नाही अशा माणसाला चहा प्यायला बसवा आणि पाच मिनिटात गोष्ट सांगा. मध्ये तो "मग?" म्हणाला तर नाव ठेवा, मोबाईल बघायला लागला तर नाव खाली ढकला. वाचणाऱ्या मित्राला सांगू नका, तो आपल्या चुका सांभाळून घेतो.

माझ्या यादीत आपल्याकडची तीन नावं कायम वर असतात. एक म्हणजे रणजित देसाईंची माझा गाव, कोवाड काय लांब आहे, चंदगड तालुक्यातलं आपल्या शेजारचंच गाव. दुसरं कुठलं एक पुस्तक असं नाही, निपाणीत पिठाची गिरणी चालवत ज्यांनी लिहिलं ते महादेव मोरे आणि त्यांच्या लिखाणातली ड्रायव्हर, गॅरेज, तंबाखूच्या वखारीतली माणसं, ती मला मोठ्या पडद्यावर कधीपासून बघायची आहेत. आणि तिसरं बाबा पदमनजींचं यमुनापर्यटन, त्याबद्दल खाली सविस्तर सांगतो.

आधी कुणी केलंय का बघा

ही पायरी लोक गाळतात. देसाईंच्या राजा रविवर्मावर कुणीतरी पिक्चर काढायला पाहिजे असं अजून ऐकायला मिळतं, अहो केतन मेहतांनी रंगरसिया केलाय की त्याच्यावरनं! प्रकाश नारायण संतांच्या वनवासमधला लंपन २०२४ ला ओटीटीवर मालिका होऊन आलाय, निपुण धर्माधिकारींनी केलेली, बघितली नसेल तर बघा, आपल्या भागाचीच भाषा आहे. राजन गवसांच्या चौंडकं आणि भंडारभोग या दोन कादंबऱ्या आणि चारुता सागरांची दर्शन ही कथा मिळून २००९ चा जोगवा झाला. म्हणजे पिक्चरचं नाव वेगळं, पुस्तकाचं वेगळं, त्यामुळं नुसतं पुस्तकाच्या नावानं शोधून भागत नाही, लेखकाच्या नावानं पण शोधा, जुन्या दूरदर्शन मालिका बघा, नाटकं बघा.

आणि आधी झालंय म्हणून लगेच नाव खोडायचं पण नाही. श्यामची आई आचार्य अत्र्यांनी १९५३ ला केला, त्याला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, तरी २०२३ ला परत नवा आलाच. फक्त "आता परत का?" याचं एका वाक्यात उत्तर तुमच्याकडं पाहिजे.

हक्क कुणाकडं? इथं घाई करायची नाही

आपल्या देशात कॉपीराइटचा कायदा १९५७ चा आहे. लेखक हयात असताना छापून आलेल्या पुस्तकाचे हक्क लेखक जिवंत असेपर्यंत आणि त्यानंतर साठ वर्षं राहतात, आणि ही साठ वर्षं मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. मेल्यावर पहिल्यांदा छापलेल्या पुस्तकाला साठ वर्षं छापल्यापासून. हिशेब करून बघा. साने गुरुजी गेले १९५०, म्हणजे २०१० संपताना हक्क संपले. अण्णा भाऊ साठे गेले १९६९, म्हणजे २०२९ च्या शेवटापर्यंत परवानगी लागणार. खांडेकर १९७६, म्हणजे २०३६. रणजित देसाई १९९२, म्हणजे २०५२, तेव्हा माझ्या यादीतल्या पहिल्या नावासाठी वारसांना विचारल्याशिवाय गत्यंतर नाही. हरी नारायण आपटे १९१९ लाच गेले, त्यांच्या कादंबऱ्या सगळ्यांना मोकळ्या. त्यांच्या गड आला पण सिंह गेलावरनं बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात १९२३ लाच सिंहगड काढलाय.

मोकळं झालं ते मूळ पुस्तक तेवढंच, हे ध्यानात ठेवा. त्याच पुस्तकावर नंतर कुणी नाटक लिहिलं असेल, कुणी नवी प्रस्तावना, टिपा घातल्या असतील, पिक्चर केला असेल तर त्यांनी स्वतःचं जे घातलंय ते त्यांचं. म्हणून जुन्यात जुनी आवृत्ती मिळवून त्याच्यावरनंच काम करा.

हक्क चालू असतील तर पुस्तकाच्या आतल्या पानावर बघा, "सर्व हक्क" कुणाच्या नावानं आहेत ते. बहुतेक वेळा लेखक किंवा वारस असतात, प्रकाशकाकडं छापायचेच हक्क असतात, खरं पत्ता प्रकाशकाकडनंच मिळतो म्हणून पहिलं पत्र तिकडं. पत्रात भावना कमी आणि मुद्दे जास्त, मी कोण, कुठली कादंबरी, पिक्चरचे हक्क सध्या कुणाला दिलेत काय, दिले असतील तर मुदत कधी संपते. हा शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा. कायद्यात असं आहे की करारात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, आणि हक्क घेऊन वर्षभरात वापरलेच नाहीत तर करारात वेगळं काही लिहिलं नसेल तेव्हा ते आपोआप परत जातात. त्यामुळं "ते केव्हाच विकलंय" असं कुणी सांगितलं तरी कागद बघितल्याशिवाय आशा सोडू नका. सगळं लेखी आणि सहीनिशी पाहिजे. "काका आपल्या ओळखीचे आहेत, तोंडी हो म्हणालेत" याला काडीची किंमत नाही, काका चांगले असतात, काकांच्या तिघा मुलांचं एकमत असतंच असं नाही.

आपल्या भागातल्या वाचकाला आणखी एक अडचण येते, कारण आपण कन्नड कादंबऱ्या पण मराठीतनं वाचतो. उमा कुलकर्णींनी (त्या मूळच्या बेळगावच्याच) कन्नड कादंबरीकार भैरप्पा मराठीत आणले नसते तर आपल्यातल्या निम्म्यांना त्यांची महाभारतावरची पर्व माहीत नसती. तर अनुवाद वाचून पिक्चरची कल्पना सुचली तरी परवानगी मूळ कन्नड लेखकाची किंवा त्यांच्या वारसांची लागते, आणि मराठी अनुवादातली वाक्यं संवादात उचलायची असतील तर अनुवादकाची वेगळी. कन्नडमध्ये आधी पिक्चर झालाय का ते पण बघा, तिकडं ही परंपरा मोठी आहे, अनंतमूर्तींच्या कादंबरीवरचा संस्कार १९७० चा, भैरप्पांच्या कादंबरीवरचा वंशवृक्ष बी. व्ही. कारंत आणि गिरीश कार्नाडांनी केलेला.

दुसरं वाचन पेन्सिल घेऊन

पहिलं वाचन मजेसाठी झालेलं असतंय. दुसऱ्या वाचनाला एक मोठी आखीव वही घ्या आणि प्रत्येक प्रसंगाला एक ओळ द्या, कुठं घडतं, दिवस का रात्र, कोण कोण आहेत, आणि प्रसंग संपला तेव्हा काय बदललं. शेवटचा रकाना रिकामा राहायला लागला की समजायचं इथं लेखक आपल्याशी गप्पा मारतोय, गोष्ट पुढं सरकत नाही. वाचताना त्या गप्पाच कधी कधी सगळ्यात गोड असतात आणि कात्री पहिली तिथंच चालवावी लागते.

सगळं भरून झालं की मोजा. दोन तासाच्या पिक्चरला साधारण साठ-ऐंशी सीन पुरतात, जाड कादंबरीत दीडशे-दोनशे प्रसंग सहज निघतात. म्हणजे निम्म्याहून जास्त जाणार. मग तीन रंगाच्या पेन्सिली घ्या. लाल म्हणजे हा प्रसंग काढला तर गोष्टच कोसळते, निळा म्हणजे दोन-तीन प्रसंग एकात मिसळता येतील, आणि बाकीचा करडा, तो गेला तरी चालतंय. हे प्रत्येकानं आपापलं वेगळं करायचं आणि मग एकत्र बसायचं, भांडणं होतात, होऊ द्या, ज्या प्रसंगावर सगळ्यांचा लाल रंग पडलाय ते दहा-बारा प्रसंग म्हणजे तुमचा पिक्चर. पात्रांचं पण तसंच, तीन मावश्या असतील तर एक करा, गावातले दोन सावकार असतील तर एक बास. जोगवात दोन कादंबऱ्या आणि एक कथा एका गोष्टीत आलीय, पुस्तकं आणि पिक्चर शेजारी ठेवून काय राहिलं, काय गेलं, काय जोडलं याची यादी करा, कुठल्याही वर्कशॉपपेक्षा जास्त शिकायला मिळेल, ते पण फुकट.

आता यमुनापर्यटन. बाबा पदमनजींचा जन्म बेळगावचा, १८३१ चा. पुस्तक १८५७ चं, मराठीतली पहिली कादंबरी म्हणून नाव घेतात तेच, आणि ते १९०६ ला गेले म्हणजे हक्काचा प्रश्नच नाही. यमुना नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते, ठिकठिकाणी तिला विधवा भेटतात, प्रत्येकीची कहाणी वेगळी, आणि मग नवरा जातो आणि ती स्वतःच त्या रांगेत येऊन उभी राहते. बघा की, दीडशे वर्षांपूर्वीच्या पुस्तकात रस्त्यावरच्या प्रवासाचा पिक्चर तयारच बसलाय! अडचण अशी की लेखकाला धर्माचा उपदेश करायचाय, पानंच्या पानं चर्चा आहे. वहीत ती सगळी करड्या रंगात जाते. उपदेश किती ठेवायचा हा प्रश्न राहतोच, कारण पदमनजी स्वतः ख्रिस्ती झालेले, पुस्तक त्या ओढीनंच लिहिलंय, ते पूर्ण पुसलं तर अप्रामाणिकपणा होतो आणि सगळं ठेवलं तर प्रेक्षक उठून जातो. मी असतो तर भेटणाऱ्या बायकांमधल्या चारच ठेवल्या असत्या, नवऱ्याचा मृत्यू बरोब्बर इंटरव्हलला आणला असता, आणि यमुनेचं मन कसं बदलतं हे तिच्या वागण्यातनं दाखवलं असतं, भाषणातनं नाही. तुम्हाला दुसरं काही सुचेल, सुचलंच पाहिजे.

काळ पण याच वेळी तपासून घ्या. जोगतिणीची, म्हणजे देवीला वाहिलेल्या बाईची गोष्ट असेल तर ती कर्नाटकातल्या १९८२ च्या देवदासी प्रथा बंदीच्या कायद्याच्या आधीची का नंतरची यावर पोलिस, गाव, पुजारी सगळ्यांचं वागणं बदलतं. कादंबरीत साल लिहिलेलं नसतं, पिक्चरमध्ये एसटीच्या रंगावरनं पण कळतं.

कोण कुणाशी काय बोलतं

सीमाभागातली गोष्ट असेल तर ही पायरी सगळ्यात जास्त वेळ खाणार. एक तक्ता करा, उभी पात्रं, आडवी पात्रं, आणि चौकटीत कोण कुणाशी कुठल्या भाषेत बोलतं ते. घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात दोन्हीची मिसळ, कॅम्पात (लष्करी छावणीच्या भागात) हिंदी, आणि आजी सुनेवर चिडली की एकदम कन्नडमध्ये घसरते, हे आपल्याला रोजचं आहे, बाहेरच्या लेखकाला नाही. निपाणीची मराठी कोल्हापूरकडं झुकते, खानापूरच्या जंगलपट्ट्यात कोकणीचा वास येतो, गोकाक-सौंदत्तीकडं मराठी घराबाहेर फारशी ऐकूच येत नाही. सगळ्यांच्या तोंडात एकच "काय की ओ" घातलं तर आपलीच माणसं थेटरात हसतील, आणि ते हसणं चांगलं नव्हे. सीमाभागाचं पात्र म्हणजे विनोदी पात्र ही सवय मोडायची असेल तर सुरुवात इथनंच करावी लागेल. कन्नड संवाद कन्नडच ठेवा, खाली मराठी ओळी येतील असं प्रस्तावात स्पष्ट लिहा, लोक वाचतात आता.

कागदावर काय काय पाहिजे

पहिलं, गोष्ट एका वाक्यात. कोण, त्याला काय पाहिजे, आड काय येतंय. पंचवीस-तीस शब्दांच्या वर गेलं की परत लिहा, यालाच खरं तर आठवडा जातो. दुसरं, एका पानात सगळी गोष्ट शेवटासकट, शेवट झाकून ठेवायचा नाही, दिग्दर्शक काय तिकीट काढून बसलेला नाही. तिसरं, सात-आठ पानात प्रसंगाप्रसंगानं गोष्ट, वर्तमानकाळात, दिसेल आणि ऐकू येईल तेवढंच. "तिला खूप अपराधी वाटतं" असं लिहू नका, ती ताट सरकवून उठते असं लिहा. चौथं, अर्धं पान हक्कांची सद्यस्थिती. पूर्ण पटकथा लगेच लिहायला घेऊ नका, एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट असा हिशेब धरतात, म्हणजे शंभर-सव्वाशे पानं, आणि हक्क मिळाले नाहीत तर सगळी रद्दी.

तयार झालेलं लिखाण मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडं सभासद होऊन ऑनलाईन नोंदवता येतं. त्यानं तुम्ही अमुक तारखेला हे लिहिलं होतं याचा पुरावा होतो, कादंबरीचे हक्क तुमचे होत नाहीत, या दोन्हीत गल्लत करणारे खूप भेटतात.

जागा आणि खर्च

यावर फार पानं घालवू नका, एक पान बास, खरं विचार केलाय हे दिसू द्या. राजवाडे, लढाया, हजार माणसांच्या जत्रा असलेली कादंबरी पहिल्या प्रस्तावाला घेऊ नका. शिवाजी सावंतांची छावा १९७९ ची, हिंदी पिक्चर यायला २०२५ उजाडलं. चार घरं, एक वखार, एक बसस्टँड यात मावणारी गोष्ट असेल तर लोक ऐकून घेतात. आपल्याकडं जागांना तोटा नाही, जांबोटी-खानापूरचं जंगल, राजहंसगड, गोकाकचा धबधबा, निपाणीतल्या जुन्या वखारी. फक्त धबधबा उन्हाळ्यात सुकलेला असतो, बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती (जुनं जैन मंदिर) पुरातत्त्व खात्याची, जंगलाला वनखातं, कॅम्पात लष्कराची हद्द कुठं चालू होते ते आधी विचारून घ्यावं लागतं, आणि सौंदत्तीला यल्लम्माच्या माघी पौर्णिमेच्या गर्दीत महत्त्वाचा सीन ठेवला तर देवीच वाचवो.

पाठवण्याआधी आणि पाठवताना

एकदा मोठ्यानं वाचून घ्या. वाचनालयाची एखादी खोली, पंधरा-वीस माणसं, निम्मी तरी पुस्तक न वाचलेली, आणि तीन-चार प्रसंगांचं अभिवाचन. लोक कुठं चुळबुळ करतात ते एकानं कोपऱ्यात बसून टिपायचं. हक्क चालू असलेली कादंबरी असेल तर जाहीर कार्यक्रम करू नका, घरगुती बैठकीत करा नाहीतर आधी परवानगी घ्या.

मग कोल्हापूर. आपल्याला मुंबईपेक्षा जवळ, अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळ तिथंच आहे, चित्रनगरी आहे, आणि पिक्चरच्या लायनीत काम करणारी माणसं शोधावी लागत नाहीत. दुसरी वाट आपल्याच संमेलनांची, हिवाळ्यात पाहुणे म्हणून लेखक, पटकथाकार, नट येतात, त्यांना भाषणानंतर गराड्यात गाठून फाईल कोंबू नका, एक पान द्या, बाकीचं मेलवर पाठवतो म्हणा. मेलमध्ये विषयाच्या जागी कादंबरीचं नाव, खाली ते एक वाक्य, सोबत एका पानाची गोष्ट, बास. मोठ्या नावांच्या मागं लागण्यापेक्षा ज्यानं दोन-चार चांगल्या शॉर्टफिल्म केल्यात आणि पहिल्या मोठ्या पिक्चरसाठी गोष्ट शोधतोय असा दिग्दर्शक बघा, तो उत्तर देतो. महिनाभर वाट बघून एकदा आठवण करा, तरी काही नाही आलं तर पुढचं नाव.

कुणी हो म्हणालाच तर आनंदाच्या भरात लगेच सही करू नका. कॉपीराइट कळणाऱ्या वकिलाला करार दाखवा, बेळगावात नाही मिळाला तर पुण्या-मुंबईतल्याला मेलवर पाठवा. लेखकाचं नाव पडद्यावर कुठं आणि कसं येणार, तुमच्या लिखाणाचं नाव येणार का, पैसे कुठल्या टप्प्यावर, ओटीटी आणि डबिंगचे हक्क यात धरलेत का, पिक्चर ठरलेल्या मुदतीत सुरू झाला नाही तर हक्क परत कधी, हे पाच प्रश्न लिहूनच न्या, आणि लेखकाच्या घरच्यांना पण त्याच बैठकीला बसवा.